पट्टीचे उरलेले चार सूत

आमच्या हिच्या मामांनी न मोजलेली एखादी वस्तू नगर जिल्ह्यात शिल्लक असेल, तर ती अजून जमिनीखाली असली पाहिजे, किंवा मामांना तिचा पत्ता कुणी दिलेला नसला पाहिजे. मी स्वतः आकड्यांच्या बाबतीत काटेकोर माणूस आहे. गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरला ते कॅलेंडरवर लिहून ठेवतो. तरीही मामा आमच्याकडे राहात्याला दोन दिवस राहून गेले की आपण फार ढिलाईने संसार करतो आहोत असे मला वाटू लागते. मामा चौतीस वर्षे मोजणी खात्यात होते. साखळी, फीत आणि यंत्र घेऊन त्यांनी अर्ध्या जिल्ह्याचे बांध पायाखाली घातले. निवृत्त झाले तेव्हा खात्याने यंत्र जमा करून घेतले, पण सवय जमा करून घेण्याचा फॉर्म खात्याकडे नव्हता. ती घेऊन मामा घरी आले.

मामांचे एक पाऊल अडीच फुटांचे. आमच्या राहात्याच्या स्टँडपासून आमचे दार अकराशे चाळीस पावलांवर आहे, हे मला मामांमुळे कळले. गेल्या दिवाळीत ते आले तेव्हा पाणी पिण्याआधी त्यांनी दारातच विचारले, "जावईबापू, घर मागं सरकवलंय का? अकराशे सत्तर भरली." मी म्हटले की घर आहे तिथेच आहे, गुडघ्यांचे वय वाढले असेल आणि पाऊल आखूड पडत असेल. हे स्पष्टीकरण मामांना मुळीच आवडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा स्टँडपर्यंत गेले, अकराशे पंचेचाळीसमध्ये परत आले, आणि मग दुपारभर पाय वर करून पडून राहिले. आमच्या लग्नात तर मामा नवरीला घेऊन मांडवात आले आणि थबकले. दोन पाट एका रेषेत नव्हते. भटजींची दुसरी मंगलाष्टका चालू होती, अंतरपाट धरणारे हात अवघडले होते, लोक अक्षता मुठीत धरून उभे होते, आणि मामा एका हाताने भाचीचा दंड धरून पायाच्या अंगठ्याने माझा पाट सरकवत होते, मी त्यावर उभा असताना. त्या दिवसापासून आमचा संसार निदान सुरुवातीला तरी एका रेषेत होता, असे मी म्हणू शकतो.

मामांच्या तोंडी शिवी नाही. त्यांच्या दृष्टीने 'अंदाज' हा शब्द हीच शिवी. एखाद्याचे वाटोळे का झाले हे सांगताना ते फक्त एवढेच म्हणतात, "अंदाजानं चालायचा." दुकानदार अंदाजाने कापतो, न्हावी अंदाजाने कापतो, गवंडी तर अंदाजावरच जगतो, म्हणून शक्य ते सगळे घरी करायचे हा त्यांचा नियम. नगरच्या त्यांच्या घरातली दारे, पडदे, नळाच्या चकत्या आणि मामांचे स्वतःचे केस हे सगळे घरीच बसवलेले किंवा कापलेले आहे. मामी आमटीत मीठ अंदाजाने घालतात. आमटी चांगली होते. हे मामांना लग्नापासून माहीत आहे, पण त्यांनी ते कधीही कागदावर येऊ दिलेले नाही.

दुसरा नियम लगतदारांचा. जमीन मोजायची तर आजूबाजूच्या धारकांना आधी नोटीस जाते, आणि मोजणी त्यांच्यासमोर होते. मामांनी हा नियम घरातही चालू ठेवला. कंपाउंडजवळ कढीपत्त्याचे रोप लावायच्या आधी त्यांनी शेजारच्या गुरुजींना चिठ्ठी पाठवली होती, त्यात तारीख, वेळ आणि रोपाची उंची लिहिलेली. हे निवृत्त गुरुजी आणि मामा यांच्यात मधल्या भिंतीच्या नऊ इंचांवरून अकरा वर्षे अबोला होता. अबोल्याच्या काळातही मामांची प्रत्येक चिठ्ठी गुरुजींकडे जात होती आणि प्रत्येक वेळी गुरुजी पंच म्हणून खुर्ची घेऊन येऊन बसत होते. शेवटी बोलत नसलेल्या माणसाला इतका चहा पाजणे मामींनाच अवघड वाटू लागले आणि अबोला संपला.

आता गाडीचे सांगतो. मामांची बारा वर्षांची पांढरी गाडी आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्यात काचबिंदू निघाला आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही असे सांगितले. डोळा अधू झाला हे वाक्य मामांनी आजवर उच्चारलेले नाही. "उजव्या बाजूची नोंद जरा पुसट येती," इतकेच ते म्हणतात. मग वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मामी गाडी शिकल्या आणि पहिल्या खेपेला पास झाल्या. त्यांची आई शेवगावला असते, शहाऐंशी वर्षांची. दर गुरुवारी लेक गाडी घेऊन येते, आपल्याला पुढे बसवून बाजारातून हळूहळू फिरवून आणते, यासाठी म्हातारी सकाळी नऊपासून दारात तयार असते. मामींच्या आठवड्यात गुरुवार हाच एक वार होता, बाकीचे सहा नुसते गुरुवारच्या मागे-पुढे असत.

पण शेवगाव नगरच्या पूर्वेला. म्हणजे सकाळी जाताना सूर्य समोर आणि संध्याकाळी येताना पुन्हा सूर्य समोर. मामींची उंची चार फूट दहा इंच, खाली उशी तीन इंचांची. गाडीत ऊन अडवायला वरून ओढायची जी झडप असते तिचा मामींच्या बाजूचा सांधा सैल झाला होता. खड्डा आला की ती आपोआप खाली येऊन कपाळावर बसायची, म्हणून मामांनी ती काढून टाकलेली, आणि दोन्ही बाजू सारख्या राहाव्यात म्हणून दुसरीही. संध्याकाळी परत येताना, नगर अकरा किलोमीटर राहिले की उन्हाने मामींना काही दिसेनासे व्हायचे. तिथे एक लिंबाचे झाड आहे. त्याखाली गाडी उभी करून सूर्य बुडेपर्यंत त्या बसून राहायच्या, आणि मग अंधारात ट्रकांच्या दिव्यांना घाबरत घरी यायच्या. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाला हे कळले. त्याने फोनवरच गाडी विकायची ठरवली आणि राहुरीचे एक गृहस्थ सोमवारी सकाळी गाडी बघायला येणार असेही कळवून टाकले. मामींनी आईला फोन करून सांगितले की पुढच्या गुरुवारपासून एसटीने येईन, आणि मग फिरायला जाता येणार नाही.

रविवारी सकाळी सहाला मामांचा मला फोन आला. त्यांचा आवाज पहिल्या नेमणुकीच्या दिवसासारखा होता. "जावईबापू, उपाय सापडला. काचेच्या वरच्या अंगाला काळी पट्टी. सनस्ट्रिप म्हणत्यात. माल आणलाय. दोन मानसं कमी हायेत, तुमी दोघं या." माल रेडियमवाल्याकडून आणला होता. पट्टी लावून द्यायला रेडियमवाला तयार होता, पण काच न मोजता तो नुसत्या डोळ्यानेच लावणार हे कळल्यावर मामांनी त्याच्याकडून फक्त आठ इंच रुंदीचा तुकडा घेतला होता. पट्टीवर काय लिहायचे, आईवडिलांचा आशीर्वाद की देवाचे नाव, असे त्याने विचारले. मामा म्हणाले, काही नको, अक्षरे असली की खालची कड मोजताना मध्ये येतात. किती खाली आणली तर चालते हे त्यांनी चौकातल्या वाहतूक पोलिसाला विचारून घेतले होते, आणि त्याने "बघू" म्हटल्यावर त्यालाच इंचात सांगायला लावले होते.

आम्ही साडेदहाला पोचलो तेव्हा अंगणात मोजणीचा सगळा थाट होता. गाडी मधोमध उभी, चारही चाकांना विटा लावलेल्या. गुरुजी खुर्चीवर. त्यांच्या हातात चिठ्ठी: 'पुढील काचेवर पट्टी कायम करणे, वेळ अकरा.' मामा गाडीभोवती इतक्या वेगाने फिरत होते की त्यांची पावले मोजणे त्यांनाही जमले नसते. काच तीनदा धुतलेली. जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे चिकटवून काचेचा पूर्ण मापाचा नकाशा केलेला, त्याच्यावर उत्तर दिशेचा बाण काढलेला. गाडीला उत्तर दिशा कशाला लागते, असे आमच्या हिने विचारले. मामा म्हणाले, "नकाशाला लागती."

आता खालची कड सरळ यावी म्हणून मामांनी गवंड्यांची लेव्हलची नळी काढली. पारदर्शक नळीत पाणी भरायचे, एक टोक इकडे, एक टोक तिकडे, दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीला उभे राहते, तिथे खुणा करायच्या. पाणी नीट दिसावे म्हणून मामांनी त्यात कपड्यांची नीळ टाकली होती. डावीकडे मी, उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला, मामा. माझ्याकडे काचेच्या वरच्या कडेपासून पाच इंचांवर खूण होती, तिथे मी पाणी आणून धरायचे आणि "आहे" म्हणायचे, मग मामांनी त्यांच्याकडे पाणी दिसेल तिथे खूण करायची. मी चार वेळा "आहे" म्हटले. चारही वेळा मामा गप्प. ते नळीला नाक लावून उभे होते. मध्येच मामींना म्हणाले, "तू जरा आत बस. शीटवर. उशी घेऊन." मामी बसल्या. पदर सावरून त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि फोटो काढून घेत असल्यासारख्या समोर बघत राहिल्या. मामांनी त्यांच्याकडे बघितले, नळीकडे बघितले, आणि पेन्सिलीने खूण केली. "झालं," म्हणाले. नळी काढताना माझ्या बाजूचे बोट सुटले आणि बॉनेट नीळ दिलेल्या पायजम्यासारखे निळे झाले.

त्यापुढचा तास मी विसरणार नाही. दोन खुणांमध्ये चिकटपट्टी ओढली. मामी शॅम्पूचे पाणी फवारत होत्या, ही मागचा कागद सोलत होती, मी तुकड्याचे एक टोक धरून बॉनेटवर गुडघा टेकलेला. मामा आपल्या खात्यातल्या जुन्या लाकडी पट्टीला धोतराचे फडके गुंडाळून मधून बाहेर पाणी सारत होते आणि सगळ्यांना एकदम सूचना देत होते. "वडा. वडू नका. धरा. सोडा म्हनलं का? फवार गं, कोरडं पडतंय." हवेचे फुगे राहिले. मामांनी ते मोजले. सतरा. सुईने एकेक टोचून सोळा बसवले. सतरावा कुठे गेला ते कळेना. गुरुजीही खुर्ची सोडून काचेला कान लावल्यासारखे वाकले. शेवटी तो माझ्या अंगठ्याखाली सापडला. मामांनी ब्लेडने चिकटपट्टीच्या रेषेवरून वर-खाली न होता एका श्वासात खालची कड कापली, आणि आम्ही सगळे मागे सरलो. काळीभोर, तुळतुळीत पट्टी. गाडी एकदम पाच वर्षांनी तरुण दिसायला लागली. मामींनी तर चक्क टाळ्या वाजवल्या.

गुरुजी चष्मा पुसून म्हणाले, "साहेब, पट्टी तिरकी दिसते. ड्रायव्हरकडे उतरलीय."

मामांनी क्षणभर त्यांच्याकडे मधल्या भिंतीच्या नजरेने पाहिले. मग शांतपणे म्हणाले, "पट्टी सरळ हाय. गाडी तिरकी हाय."

आम्ही सगळे हसलो. पण मी आकड्यांचा माणूस, माझे हसू लवकर थांबले. पट्टी खरोखर सरळ होती. पाण्याने लावलेली, ती जमिनीच्या पातळीला सरळ असणारच. आणि गाडी खरोखर तिरकी होती. काही वर्षांपूर्वी मामा हिवरे बाजारला जाऊन तिथले पाण्याचे काम बघून आले होते, आणि फाटकाबाहेर पावसाचा एक थेंबही जाता कामा नये म्हणून त्यांनी स्वतः उभे राहून अंगणाला उत्तरेच्या शोषखड्ड्याकडे उतार करून घेतला होता, पाच फुटाला जवळजवळ एक इंच. गाडीचे डावे अंग उताराच्या खालच्या बाजूला उभे होते. मी हे सांगितले तेव्हा मामा एकदम खाली बसले, डोळा जमिनीलगत नेऊन आपलाच उतार पाहू लागले, आणि मग म्हणाले, "उतार मात्र चांगला निघालाय." गाडी सपाट रस्त्यावर नेऊन पाहिली. पट्टी उजवीकडे उतरलेली ती उतरलेलीच.

मामींचा चेहरा मात्र पडला. पट्टी काढायची म्हटली तर माल उरला नव्हता आणि रविवारी रेडियमवाला बंद. सोमवारी सकाळी राहुरीचे गृहस्थ येणार. मामा एवढेच म्हणाले की मोजणी चुकली का बरोबर हे शेतात ठरते, ऑफिसात नाही, तेव्हा संध्याकाळी गाडी उन्हात नेऊन बघू.

साडेचारला आम्ही निघालो. मामी गाडी चालवत होत्या, शेजारी मामा, मागे आम्ही दोघे. वीस किलोमीटर पूर्वेला जाऊन, चहा घेऊन, वेळ काढून, मामींनी गाडी वळवली. सूर्य थेट समोर होता, उसाच्या फडाच्या वर दोन हात. मामा खिडकीतून किलोमीटरचे दगड मोजत होते. चौदा. तेरा. बारा. लिंबाचे झाड दिसले. मामींनी गाडीचा वेग कमी केला. हा त्यांच्या सवयीचा भाग होता, पाय आपोआप ब्रेककडे गेला असणार. मी पाहिले, त्या मान किंचित वर करून पट्टीच्या खालच्या कडेकडे बघत होत्या. सूर्य त्या कडेच्या मागे होता. काळ्या पट्टीतून तो तांब्याच्या पैशासारखा दिसत होता, मऊ. खाली रस्ता स्वच्छ.

"अवो," मामी म्हणाल्या, "मला दिसतंय."

"मग थांबती कशाला," मामा म्हणाले.

झाड मागे गेले. मागच्या सीटवर आम्ही दोघांनी एकमेकांचे हात धरले होते, हे मला ते झाड गेल्यावर कळले. मामींनी पुढच्या चढावर एका टेम्पोला ओव्हरटेक केले, आयुष्यात पहिल्यांदाच असावे, आणि हॉर्नही वाजवला. त्यानंतर त्या घरापर्यंत बोलतच होत्या: आईला या गुरुवारी कुठल्या पेठेतून न्यायचे, आईला पट्टी दाखवायची, आईला वाटेल नवीनच गाडी आणली. मामांच्या बाजूला पट्टी पाचच इंचांची होती. त्यांच्या तोंडावर सगळे ऊन येत होते. त्यांनी तळहात कपाळावर धरला होता, आणि तसाच धरून ते उरलेले दगड मोजत होते. घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी त्यांनी मुलाला फोन लावला आणि सांगितले की राहुरीच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणावं.

सोमवारी पहाटे आम्ही राहात्याला निघायच्या आधी मी नळी घेऊन अंगणात गेलो. मला झोप लागली नव्हती असे नाही, पण हिशेब डोक्यात राहिला होता. काचेची रुंदी चार फूट, तेवढ्या अंतरात अंगण सहा सूत उतरते. आठ सुतांचा एक इंच. पट्टी डावीकडे पाच इंच होती, म्हणजे उताराच्या हिशेबाने उजवीकडे पाच इंच सहा सूत यायला हवी होती. मी फूटपट्टी लावली. सहा इंच दोन सूत होती. चार सूत जास्त. अर्धा इंच. मी पुन्हा मोजले. चार सूत.

मागे मामा उभे होते. त्यांच्या हातात चहाचे दोन कप होते. माझ्या हातातली नळी त्यांनी पाहिली.

"किती निघाले?"

"चार सूत, मामा."

मामा आवाज खाली आणून म्हणाले, "पानी दिसलंच न्हाई मला. नीळ टाकून बी. तुमी आपले 'आहे, आहे' म्हनताय. मग तिला आत बसवलं. तिची नजर कुठं येती ते मला म्हाईत हाय. तिथं खूण केली." आणि शेवटी म्हणाले, "अंदाजानं."

तो शब्द त्यांनी स्वतःबद्दल वापरलेला मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांच्या तोंडून तो जरा जड निघाला. मोजमाप सांगायला गेलो असतो तर मला त्यांना सांगावे लागले असते की उताराच्या सहा सुतांवर काल सूर्य अडला नसता. लिंबाच्या झाडापाशी सूर्य पट्टीच्या कडेच्या वर जेमतेम अर्ध्या बोटाएवढाच होता. ते चार सूत नसते तर मामी थांबल्या असत्या.

"मोजणी मान्य नसंल तर फेरमोजणीचा अर्ज देता येतो," मामा म्हणाले. "लगतदार म्हनून तुमचा हक्क हाय."

मी नळीतले पाणी कढीपत्त्याला ओतले. ते निळे होते, पण कढीपत्त्याने तक्रार केली नाही. मी म्हटले, "मला मान्य आहे."

मामांनी मान हलवली, कप माझ्या हातात दिला, आणि रिकाम्या हाताने पट्टीच्या उजव्या टोकावरून, जिथे ती खाली उतरते तिथून, बोट फिरवले. घरात मामी शेवगावला फोनवर मोठ्याने बोलत होत्या. मग मामा म्हणाले, चला, स्टँडपर्यंत सोडतो. स्टँड त्यांच्या घरापासून नऊशे पावलांवर आहे, हे मला कित्येक वर्षांपासून पाठ आहे. त्या सकाळी आम्ही चौघे हळूहळू चालत गेलो. मामी आणि ही पुढे, मामा माझ्या शेजारी. स्टँड आला तेव्हा मी सवयीने विचारले, किती झाली. मामा जरा गोंधळले. बोलण्याच्या नादात ती मोजायची राहून गेली होती.